अकरावा तास आणि फेलफूट

तिसरा तास म्हणजे नोहा. सहावा तास म्हणजे अब्राहाम. नववा तास म्हणजे मोशे. आणि अकरावा तास म्हणजे आपण, ख्रिस्ताच्या येण्यापासून जगाच्या अंतापर्यंतचे सगळे.

नाशिकच्या शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये आमचा मंगळवारचा बायबल अभ्यास चालू होता. शास्त्रभाग मत्तयाचा विसावा अध्याय. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन रोजंदारीवर माणसं आणतो. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि दिवस मावळायला तासभर उरलेला असताना, पाचच्या सुमाराला, म्हणजे सूर्योदयापासून अकराव्या तासाला, आणखी एकदा जातो. संध्याकाळी मजुरी वाटताना दिवसभर राबलेल्याला एक दीनार आणि तासाभरापूर्वी आलेल्यालाही एकच दीनार. शिकवणारे गृहस्थ अभ्यासू होते. वहीत पट्टीनं रेघा मारून तक्ताच काढून आणला होता. डावीकडे तास, उजवीकडे युग. एका भगिनींनी विचारलं, "मग दीनार म्हणजे?" "सार्वकालिक जीवन." "आणि पैसे वाटणारा कारभारी?" "पवित्र आत्मा." सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला.

हा तक्ता त्या गृहस्थांनी मनानं रचलेला नव्हता. तासांची युगं करणारा अर्थ सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी रोमच्या लोकांना प्रवचनात सांगितला होता. दीनाराचा आणि कारभाऱ्याचा अर्थ त्याहून जुना, दुसऱ्या शतकातल्या बिशप इरेनियसचा. ओरिजेन या जुन्या ख्रिस्ती भाष्यकारानं याच तासांना माणसाच्या वयाच्या पायऱ्या मानलं, बालपणापासून म्हातारपणापर्यंत. म्हणजे तक्त्याला वंशावळ आहे, आणि ती भारदस्त आहे. त्याची टिंगल करायचं मला कारण नाही.

मला खटकलं ते दुसरंच. तासभराच्या अभ्यासात सातवी ओवी कोणी मोठ्यानं वाचलीच नाही. मालक पाच वाजता नुसत्या उभ्या असलेल्या माणसांना विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही.

पंचवटीतल्या नाक्यांवर सकाळी सातला जो गेला असेल त्याला या ओवीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पेठ, सुरगाण्याकडून आलेली माणसं जेवणाचा डबा आणि कापडी पिशवी घेऊन उभी असतात. पिकअप येते, मुकादम उतरतो, बोटानं निवडतो: तू, तू, ही दोघं. तरणे आधी जातात. दहापर्यंत जो उरतो त्याच्याकडे पाहावं, म्हणजे कळतं की अकराव्या तासाला बाजारात उभी असलेली माणसं आळशी नव्हती. ती सकाळीही तिथंच होती. चार वेळा कोणी ना कोणी त्यांच्यावरून नजर फिरवून गेलं होतं. आणि त्यांच्या घरी संध्याकाळची चूल तासाभराच्या मजुरीवर पेटणार नव्हती, ती एका पूर्ण दिवसाच्या मजुरीवरच पेटणार होती. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. येशूच्या श्रोत्यांना तो आकडा पाठ होता. त्यांना हेही पाठ होतं की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, सूर्य मावळायच्या आत द्यावी, असं मोशेच्या नियमशास्त्रात दोन ठिकाणी लिहिलंय. म्हणून तर दाखल्यात 'संध्याकाळ झाल्यावर' हे शब्द आहेत.

दाखला मजुरीच्या दराबद्दल नाही, हे मलाही मान्य. पहिल्याच ओवीत 'स्वर्गाचं राज्य असं आहे' म्हटलंय. म्हणजे प्रतीक आहेच, आणि ते सांगणाऱ्यानंच ठेवलेलं आहे. पण या प्रतीकाला वजन येतं ते उपाशी राहण्याची भीती खरी असल्यामुळे. ती भीती काढून तिथं नोहा बसवला की देवाच्या कृपेचा धक्काच बसत नाही. उरतं ते इतिहासाचं वेळापत्रक.

तेव्हा माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बायबलमध्ये खोल अर्थ आहे, पण तो शब्दांच्या मागं कुलूप लावून ठेवलेला नाही. गोष्टीतली वस्तू नीट पाहिली, ती वेल, ती कुऱ्हाड, तो रस्ता, की तो तिथंच सापडतो. आणि पुष्कळदा आपण गूढार्थाकडे धाव घेतो ती वरचा अर्थ कमी पडतो म्हणून नाही. तो अडचणीचा असतो म्हणून.

आपल्या मराठी माणसाला हे समजायला खरं तर कठीण जाऊ नये. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा तो कोणता विंचू हे पहिल्याच ओळीत सांगितलेलं असतं. तिथं शोध घ्यायचा नसतो, घाम फुटायचा असतो. मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडून सूर्याला गिळते, ते मात्र कूट. ते सोडवा असं ती रचनाच सांगते. आणि तिसरा प्रकार, साधी गोष्ट. 'एक माणूस यरुशलेमेहून यरीहोला जात होता.' भारुडाला कूट समजून सोडवायला बसलो, किंवा साध्या गोष्टीतली प्रत्येक काडी उलगडत बसलो, तर चूक आपली. बायबल हा एक ग्रंथ नाही, ग्रंथालय आहे. त्यात तिन्ही प्रकार आहेत, आणि कपाट ओळखणं हे वाचणाऱ्याचं पहिलं काम.

काडी उलगडण्याचं माझं आवडतं उदाहरण ३१८ चं. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात अब्राहाम, तेव्हाचा अब्राम, आपल्या घरातली ३१८ माणसं घेऊन लोटाला सोडवायला निघतो. 'बर्णबाचं पत्र' म्हणून ओळखलं जाणारं एक फार जुनं ख्रिस्ती लिखाण आहे. त्यानं या आकड्यात येशूचा क्रूस शोधून काढला. ग्रीक अक्षरांना किमती असतात: आयोटा १०, ईटा ८. हे येशूच्या नावाचं पहिलं अक्षर आणि दुसरं. टाऊची किंमत ३००, आणि टाऊचा आकार क्रूसासारखा. झालं की ३१८. लेखक स्वतःवर इतका खूश आहे की याहून मोलाचं वचन मी कोणाला शिकवलेलं नाही, असंही सांगतो. फक्त एक अडचण आहे. उत्पत्ती लिहिलं गेलं इब्रीत. तिथं ना टाऊचा क्रूस होतो, ना आयोटाचा येशू. आणि गंमत अशी की यहुदी गुरूंनी त्याच आकड्याचा इब्री हिशोब केला. अब्राहामाचा कारभारी अलिएजर, त्याच्या नावातल्या अक्षरांची बेरीज बरोबर ३१८ भरते. म्हणून ते म्हणाले, ३१८ माणसं नव्हतीच, एकटा अलिएजर होता.

दोन्ही बेरजा चोख आहेत. मी स्वतः करून पाहिल्या. एकाच आकड्यातून एकाला क्रूस मिळतो, दुसऱ्याला कारभारी, आणि दोघांनाही तेच मिळतं जे ते घरून घेऊन निघाले होते. पुतण्या पकडला गेला म्हणून म्हातारा काका घरातली माणसं घेऊन रात्रीतून निघतो, ही गोष्ट मात्र दोघांच्याही हातून निसटते.

योहानाचा पंधरावा अध्याय नाशिकमध्ये वाचायला मिळणं हे भाग्यच म्हणायचं. 'मीच खरा द्राक्षवेल आहे.' दिंडोरी तालुक्यात माझ्या मावसभावाची, नानांची, अडीच एकर थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे. मध्यंतरी फोनवर एक संदेश फार फिरत होता: दुसऱ्या ओवीत फळ न देणारा फाटा 'काढून टाकतो' असं जे भाषांतर आहे ते चुकीचं, मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'उचलून धरतो', देव कोणाला तोडत नाही, तो जमिनीवर पडलेली वेल उचलून बांधतो. ऐकायला किती बरं वाटतं. आणि क्रियापदाचे दोन्ही अर्थ खरंच होतात, ग्रीकमध्ये त्यात खोट नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस होते. मी नानांच्या बागेत जाऊन त्यांना हा अर्थ ऐकवला. मांडवाखाली पाच-सहा बाया फेलफूट काढत होत्या. हे काम कात्रीनं होत नाही, बोटांनी होतं. फूट पाच-सहा पानांवर आली की तिच्यात बारीक हिरवा घड दिसायला लागतो. एका काडीवर तीन-चार फुटी निघालेल्या असतात. घड असलेली जोमदार फूट ठेवायची, बाकीची अंगठ्यानं टचकन मोडून खाली टाकायची. बायांचे हात इतके भराभर चालतात की निर्णय केव्हा होतो ते कळत नाही. नाना म्हणाले, "भाऊ, घड नाही ती फूट उचलून बांधली तर काय होईल सांगू? मांडवात गर्दी होईल, हवा खेळणार नाही, आणि आहे त्या घडावर डाऊनीची बुरशी येईल." मग जरा थांबून, "ज्यानं हे लिहिलं त्यानं बाग पाहिलेली होती. ज्यानं तुला पाठवलं त्यानं नाही."

मी घरी येऊन अध्याय पुन्हा वाचला. सहाव्या ओवीत त्याच फांद्या गोळा करून जाळतात असं सरळ लिहिलंय. उचलून बांधलेल्या फांद्या कोणी जाळत नाही. म्हणजे दुसऱ्या ओवीचा गोड अर्थ काढायचा तर सहावी ओवी विसरायला लागते.

पण त्याच ओवीत एक खरा खजिना आहे, आणि तो आपल्या भाषांतरात दिसत नाही. ग्रीकमध्ये 'काढून टाकतो' आणि 'साफसूफ करतो' ही दोन क्रियापदं एकमेकांशी यमक जुळवणारी आहेत: आयरेई, काथायरेई. आणि पुढच्याच ओवीत येशू शिष्यांना म्हणतो, तुम्ही शुद्धच आहात. तो 'शुद्ध' शब्द या 'साफसूफ'च्याच धातूतला. छाटलेलं आणि शुद्ध झालेलं, एकच शब्द. कोणत्या छाटणीनं? मी सांगितलेल्या वचनानं, असं तोच पुढं सांगतो. इथं खोल अर्थ आहे की नाही? आहे, आणि तो मिळवायला कोणताही तक्ता लागला नाही. एक क्रियापद आणि एक बाग, एवढंच लागलं.

आता एक माझी लबाडीही सांगून टाकतो. आमच्याकडं वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते, आमच्याकडं झोपत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीत वेल पार बोडकी करतात आणि त्या छाटणीतून एकही द्राक्ष घ्यायचं नसतं. ती छाटणी नुसती काडी तयार व्हावी म्हणून. पण घड धरणार की नाही हे त्याच उन्हाळ्यात, काडीच्या डोळ्याच्या आत ठरून जातं. ऑक्टोबरात फक्त ते बाहेर दिसतं. हे कळल्यावर मी एका प्रार्थना सभेत यावर बोललो. आयुष्यात एक छाटणी फळाची असते आणि एक काडीची, आणि काडीच्या छाटणीत फळ मागू नये, वगैरे. दोन जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सुखावलो. घरी जाताना मनात आलं, योहानाला आमच्या या दोन छाटण्या ठाऊकच नव्हत्या. त्याच्या देशात वेल हिवाळ्यात झोपते. मी जे बोललो ते खोटं नव्हतं, पण ते योहानाचं नव्हतं. ते निफाड-दिंडोरीचं होतं. मी म्हणायला हवं होतं, 'हे वाचून मला असं सुचलं.' मी म्हणालो, 'या वचनाचा अर्थ असा आहे.' या दोन वाक्यांमधला फरक पुलपिटावर फार लवकर पुसला जातो. आणि पुसणारा प्रत्येक वेळी ढोंगी असतो असं नाही. डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं की आपण बरोबरच होतो असं वाटायला लागतं.

याच बागेनं मला रोमकरांस पत्रातला अकरावा अध्यायही समजावला. पौल म्हणतो, तुम्ही परराष्ट्रीय म्हणजे रानटी जैतुनाच्या फांद्या, आणि तुमचं कलम बागेतल्या चांगल्या जैतुनावर केलंय. नाशिकचा कोणताही बागायतदार इथं अडखळेल. आमच्याकडं खुंट रानटी असतो, डॉगरिजचा, पाण्याचा ताण आणि खारं पाणी सोसणारा. आणि वर कलम भरायचं गोड जातीचं, कारण फळ येतं ते वरच्या फांदीचं. चांगल्या खुंटावर रानटी काडी कोण भरेल? पौल शहरी माणूस, त्याला शेतीतलं काय कळणार, असं म्हणून काही जणांनी विषय मिटवलाय. पण चोविसावी ओवी वाचा. तो स्वतःच म्हणतो, हे निसर्गाच्या विरुद्ध झालंय. त्याला माहीत होतं. उलटेपणा हाच त्याचा मुद्दा होता: तुझ्यात काही गोडवा होता म्हणून तुला लावलेलं नाही, तेव्हा मुळापुढं ताठा दाखवू नकोस. तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस, मुळानं तुला धरलंय. हे लिहिलंय यहुदी लोकांविषयी गर्वानं बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांना. पुढं शतकानुशतकं उपदेशकांनी काइन म्हणजे यहुदी, हाबेल म्हणजे आपण, एसाव म्हणजे ते, याकोब म्हणजे आपण अशा जोड्या लावल्या. त्या जोड्यांचं युरोपात पुढं काय झालं ते जगाला ठाऊक आहे. प्रतीकाचा हा धोका मी हलका धरत नाही. दुसऱ्या माणसाला एकदा चिन्ह करून टाकलं की त्याला लागलेलं रक्त दिसत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो पोकळ नाही. नव्या करारानंच तर हे सगळं सुरू केलं! पौल अब्राहामाची दासी हागार आणि पत्नी सारा यांना दोन करार म्हणतो, आणि तो दृष्टान्त आहे असं बजावूनही सांगतो. रानातल्या ज्या खडकातून पाणी निघालं तो खडक ख्रिस्त होता, असं तोच करिंथकरांना लिहितो. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू म्हणतो, मोशेनं रानात सर्प उंच केला तसं मनुष्याच्या पुत्राला उंच केलं जावं लागेल. मग यरीहोतल्या राहाबनं आपलं घर वाचावं म्हणून खिडकीत बांधलेल्या किरमिजी दोरीत आम्ही ख्रिस्ताचं रक्त पाहिलं तर बिघडलं कुठं? रोमच्या मंडळीचा पुढारी क्लेमेंट, त्यानं तर पहिलं शतक संपायच्या आतच ते पाहिलं होतं.

बिघडत नाही. दोरी सुंदर आहे, आणि क्लेमेंटला मी कोण शिकवणार. पण या सर्पाची पुढची गोष्ट आपल्या उपदेशांत फारशी येत नाही. मोशेनं केलेला तो पितळी सर्प लोकांनी जपून ठेवला. शतकं गेली. २ राजे, अठरावा अध्याय: लोक त्याच्यापुढं धूप जाळायला लागले, म्हणून हिज्कीया राजानं त्याचे तुकडे केले. देवाच्या आज्ञेनं बनवलेली वस्तू, तिच्याकडे पाहून माणसं वाचली होती, आणि तरी एका भल्या राजाला ती फोडायला लागली. चिन्ह कुठं बोट दाखवतं ते विसरून बोटालाच धूप दाखवायची आपली सवय फार जुनी आहे. आणि पौलाची परवानगी आपल्याला लागू होतेच असं कुठं आहे? तो साराचा दृष्टान्त देतो, पण सारा होतीच नाही असं म्हणत नाही. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडितानं तेराव्या शतकात नेमकं हेच मांडलं: अर्थ अनेक असोत, पण सगळे शब्दार्थाच्या पायावर उभे राहतात, आणि वाद घालायचा तर तो शब्दार्थावरूनच.

हा सगळा वाद पंडितांचा वाटेल. तो आमच्या घरापर्यंत आला कोविडच्या वर्षी. प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय, श्वापदाची खूण, ६६६. लस म्हणजे ती खूण, असे संदेश फोनवर यायला लागले. त्याआधी आधार कार्ड ती खूण होतं, त्याआधी बारकोड. आमच्या ओळखीतल्या एका घरात वडिलांनी लस घेतली नाही. मुलगा रुग्णालयात काम करणारा, तो हात जोडून थकला. वडील वाचले, हा देवाचा उपकार. पण त्या घरात बाप-लेकाचं बोलणं वर्षभर बंद होतं.

आता प्रकटीकरण खरोखरच कूट आहे. 'ज्याला बुद्धी आहे त्यानं आकडा मोजावा' असं ते स्वतः म्हणतं. मग मोजू या. 'नीरो कैसर' हे नाव ग्रीक उच्चाराप्रमाणे, 'नेरोन कैसर' असं, इब्री अक्षरांत लिहिलं की बेरीज ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत आकडा ६१६ आहे. 'नेरोन'च्या शेवटचा 'न' गळाला, लॅटिनसारखं 'नीरो' लिहिलं, की बरोबर ५० कमी होऊन ६१६ भरते. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात, पहिल्या शतकातल्या छळ सोसणाऱ्या मंडळ्यांना ओळखीच्या जुलमी सम्राटाबद्दल लिहिलेलं हे पत्र आहे, खुणेच्या भाषेत, कारण उघड लिहिलं तर मान जाईल. तिथं खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर आहे, आणि ती नसेल तर बाजारात देवघेव करता येत नाही. आणि आम्ही लस घेतली डाव्या दंडावर! एवढासुद्धा तपशील कोणी ताडून पाहिला नाही. गूढार्थाच्या मागं लागलेला माणूस मूळ ओवी इतक्या कमी वेळा का वाचतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

उलट बाजूनं पाहायचं तर शरणपूर पाहा. हा आमचा रोज तोंडात येणारा शब्द. रिक्षावाल्याला सांगायचा, पत्त्यात लिहायचा. मराठी बायबलात तो गणना आणि यहोशवा या पुस्तकांत भेटतो. चुकून माणूस मारला गेला तर मारणाऱ्यानं पळून जायची सहा नगरं, ती शरणपुरं. प्रवचनांत त्यांचा ठरलेला तक्ता आहे: केदेश म्हणजे पवित्रता, शखेम म्हणजे खांदा, हेब्रोन म्हणजे सहभागिता, बेसेर म्हणजे तटबंदी, रामोथ म्हणजे उंची, आणि गोलानपाशी आलं की प्रत्येकाचा अर्थ वेगळा, कोणी आनंद म्हणतो, कोणी निर्वासन. सगळी मिळून ख्रिस्त.

आणि नियम काय म्हणतो? अनुवाद या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात उदाहरण दिलंय: दोघं रानात लाकडं तोडायला गेले, एकाच्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि दुसऱ्याला लागून तो मेला. मेलेल्याचा नातलग सूड घ्यायला चिडून मागं लागेल. म्हणून देशाचे तीन भाग करा, तिथपर्यंत रस्ते तयार करा, नाहीतर अंतर लांब पडेल आणि सूड घेणारा त्याला गाठेल. तो वेशीत उभा राहून आपली बाजू सांगेल आणि वडीलजन ऐकून घेतील. मंडळीपुढं न्याय झाल्याशिवाय त्याला मारता येणार नाही. आणि ही सोय इस्राएलच्या माणसाइतकीच परदेशी माणसालाही आहे. चौकशीच्या आधी कोणाला मारू नये, आणि पळणाऱ्याला गाठता येईल अशा अंतरावर आसरा असावा: हजारो वर्षांपूर्वीचा हा कायदा आज वर्तमानपत्राशेजारी ठेवून वाचवत नाही. त्यात 'रस्ते तयार करा' हा तपशील तर मला कोणत्याही गूढार्थापेक्षा खोल वाटतो. नुसता आसरा पुरत नाही, तिथवर पोचता आलं पाहिजे.

आमच्या शरणपुरात हे एकदा अक्षरशः घडलंय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीनं ही वसाहत वसवली, तेव्हा समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही इथं आणून ठेवली गेली. ती शिकली, हातात कामाचा धंदा घेतला. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढं मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनला शोधायला गेलेल्या तुकडीबरोबर आफ्रिकेत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना नाशिकला शिकलेल्या या मुलानं वाचली. सोबत्यांनी तो देह खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत आणला, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता. शखेम म्हणजे खांदा, असं तक्त्यात लिहून ठेवायला हरकत नाही. पण कोणाचा खांदा, तेही एकदा सांगावं.

मंगळवारच्या अभ्यासाकडे परत येतो. संपताना गृहस्थांनी पुढच्या आठवड्याचा शास्त्रभाग जाहीर केला: यशया, पाचवा अध्याय, द्राक्षमळ्याचं गीत. तक्ता तयारच होता. बुरूज म्हणजे मंदिर, द्राक्षकुंड म्हणजे वेदी. हा अर्थही जुना, यहुदी परंपरेतूनच आलेला. पण हे गीत भारुडाच्या जातीचं आहे. सातव्या ओवीत ते आपला अर्थ आपणच सांगून टाकतं: मळा म्हणजे इस्राएलचं घराणं. आणि मग इब्रीत शब्दांचा असा खेळ करतं की भाषांतर हतबल होतं. देवानं वाट पाहिली मिश्पातची, न्यायाची. मिळालं मिस्पाख, रक्तपात. वाट पाहिली सेदाकाची, नीतीची. कानी आली सेआका, किंकाळी. एका अक्षराचा फरक, उच्चारता उच्चारता जीभ अडखळावी इतका. आणि श्वास घ्यायच्या आत आठवी ओवी येते: जे घराला घर आणि शेताला शेत लावत जातात, दुसऱ्याला जागाच उरू देत नाहीत, त्यांना धिक्कार असो.

आमच्या हॉलमध्ये बसणाऱ्या वीस-बावीस जणांत दोघं प्लॉटिंगच्या धंद्यात आहेत. मखमलाबादकडच्या, गंगापूर रोडच्या ज्या बागा मी लहानपणी सायकलवरून पाहिल्या, त्यांचे गट नंबर त्यांना तोंडपाठ आहेत. माणसं चांगली आहेत. हॉलचे पंखे त्यांनीच दिलेत.

मी विचारलं, "आठव्या ओवीपर्यंत जाणार का?"

गृहस्थांनी वही मिटली. म्हणाले, "बुरूज आणि द्राक्षकुंडालाच तास जातो हो. वेळ उरला तर बघू."